जॉन बॅरीचं हेरपटांमधलं संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेम्स बाँडची ती गिटार ऐकली नाही असा सिनेमाप्रेमी सापडणं कठीण. पण तिच्यापलीकडे जॉन बॅरीनं हेरपटांसाठी केवढं मोठं काम करून ठेवलंय, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. त्याच्या संगीताबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

जॉन बॅरी कोण होता?

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ३ नोव्हेंबर १९३३ रोजी जन्मलेला संगीतकार. पूर्ण नाव जॉन बॅरी प्रेंडरगास्ट. वडिलांची उत्तर इंग्लंडमध्ये चित्रपटगृहं होती, आई पियानो वाजवायची. त्यामुळे पोरवयातच तो प्रोजेक्टरच्या खोलीत रमला आणि पडद्यावरच्या चित्राला संगीत काय करतं हे रोज पाहत वाढला. यॉर्कच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक फ्रान्सिस जॅक्सन यांच्याकडे त्यानं स्वररचनेचं शिक्षण घेतलं. तो ट्रम्पेटही शिकला. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत असताना त्यानं बिल रूसो या अमेरिकन जॅझ संयोजकाचा पत्राद्वारे चालणारा अभ्यासक्रम पूर्ण केला. १९५७ मध्ये त्यानं ‘जॉन बॅरी सेव्हन’ हा स्वतःचा बँड काढला.

चर्चमधली स्वरांची शिस्त, जॅझमधला पितळी वाद्यांचा दणका आणि पॉप रेकॉर्डिंगचा झटपट कारभार हे सगळं तिशीच्या आतच त्याच्या हाताखालून गेलं होतं. बाँडपट त्याच्याकडे आले तेव्हा ते उपयोगी पडलं. पुढे त्यानं अकरा बाँडपटांना संगीत दिलं. त्याशिवाय ‘द इप्क्रेस फाइल’ आणि ‘द क्विलर मेमोरँडम’ यांसारखे अगदी वेगळ्या जातीचे हेरपट केले. ३० जानेवारी २०११ रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याचं निधन झालं.

बाँडची ती प्रसिद्ध धून बॅरीचीच ना?

कायद्यानं नाही. ती धून माँटी नॉर्मन या संगीतकाराच्या नावावर आहे, आणि तिची जन्मकथा भारतीय वाचकांनी आवर्जून वाचावी अशी आहे.

व्ही. एस. नायपॉल यांची त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबावरची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ मध्ये आली. तिच्यावर संगीत नाटक करायचं ठरलं आणि नॉर्मननं त्यासाठी चाली बांधल्या. नाटक रंगभूमीवर आलंच नाही. त्यातल्या एका गाण्यात नायक आपल्या अपशकुनी शिंकेबद्दल गातो. चालही मुद्दाम भारतीय वळणाची होती. १९६२ मध्ये ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटासाठी धून हवी होती, तेव्हा नॉर्मननं हीच चाल पुढे केली. शिंकेच्या अपशकुनाचं गाणं जगातल्या सगळ्यात ऐटबाज हेराची ओळख बनलं.

पण त्या चालीचं पुढे जे झालं ते बॅरीनं केलं. निर्मात्यांना नॉर्मनच्या चालीत ठसका जाणवेना, म्हणून संयोजनासाठी बॅरीला बोलावलं. त्यानं ती गिटारवर आणली, खाली रेंगाळणारे स्वर बसवले, मधला जॅझचा भाग आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे फटकारे घातले. गिटार वाजवली त्याच्याच बँडमधल्या व्हिक फ्लिकनं. या कामाचे बॅरीला अडीचशे पौंडांच्या आसपास मिळाले आणि संगीतकार म्हणून नाव मिळालं नाही.

धून कोणाची हा वाद अनेक वर्षं धुमसत राहिला. अखेर एका ब्रिटिश वृत्तपत्रानं ती बॅरीची असल्याचं छापलं म्हणून नॉर्मननं खटला भरला. २००१ मध्ये तो जिंकला आणि त्याला तीस हजार पौंड भरपाई मिळाली.

माझं मत विचाराल तर चाल नॉर्मनची आहे आणि ध्वनी बॅरीचा. नॉर्मनचं मूळ गाणं ऐकल्यावर गिटारची ओळ लगेच ओळखू येते, त्यामुळे निकाल योग्यच वाटतो. पण अंगावर काटा आणतं ते संयोजन, आणि ते पूर्णपणे बॅरीचं. आपल्याकडेही चाल एकाची आणि संयोजन दुसऱ्याचं अशी कितीतरी अजरामर गाणी आहेत. तिथे दोघांनाही दाद द्यायची सवय आपल्याला लागायला हवी.

त्या धुनेत इतकं काय आहे की साठ वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही?

आपल्या स्वरांच्या भाषेत सांगतो. गिटारचा सूर षड्ज मानला, तर खाली सतत चाललेली हालचाल अशी आहे : पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल धैवत. चार पावलं, आणि परत तिथेच. चढतोय असं वाटेपर्यंत ती उतरते. कुणीतरी दबक्या पावलांनी येरझाऱ्या घालतंय असा भास त्यातूनच होतो. बाकी काहीही न वाजवता एवढे स्वर पेटीवर वाजवलेत तरी घरातलं कुणीतरी ‘बाँड!’ म्हणेल.

वर गिटार षड्ज, रिषभ आणि कोमल गंधार एवढ्याच टापूत खालच्या सप्तकात घुमत राहते. मग पितळी वाद्यं येतात आणि लय झुलायला लागते. तो भाग सरळसरळ जॅझचा आहे.

शेवटची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा गुच्छ, हा तर मोठाच ऐवज. तिच्यात कोमल गंधार आहे आणि शुद्ध निषादही, वर रिषभ. पाश्चात्त्य नाव मायनर-मेजर नाइन. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद यांची सोबत आपल्याला पटदीप किंवा किरवाणीमुळे ओळखीची आहे. तिथे ते स्वर एकामागून एक येतात आणि त्यातून ओढ निर्माण होते. बॅरी ते एकाच वेळी वाजवतो, आणि ओढीची धार होते. धून संपते, पण मिटत नाही. आज कोणत्याही हेरकथेच्या विडंबनात किंवा जाहिरातीत हीच कॉर्ड वाजते.

सुरुवात कुठून करू?

‘गोल्डफिंगर’पासून. १९६४ चा चित्रपट, अल्बम तासाभराहून बराच लहान, आणि बॅरीची बाँडशैली इथे पूर्ण आकाराला आली. आधीच्या वर्षीच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’चं पार्श्वसंगीत त्याचंच होतं, पण शीर्षकगीत लायोनेल बार्टचं. ‘गोल्डफिंगर’मध्ये गाणं आणि पार्श्वसंगीत दोन्ही पहिल्यांदाच त्याच्या हाती आले.

गाण्याची सुरुवात लक्ष देऊन ऐका. पितळी वाद्यांच्या दोन कॉर्ड येतात. पहिली षड्जावरची, दुसरी थेट कोमल धैवतावरची. त्या दोघींचा सहज संबंध नाही, म्हणून दुसरी कॉर्ड येताच जमीन सरकल्यासारखी वाटते. चित्रपटभर बॅरी याच दोन कॉर्डवर खेळतो. सोन्यानं मढलेला मुलीचा मृतदेह बाँडला दिसतो, त्या दृश्यात हीच चाल धातूच्या किणकिणाटासोबत येते. सोनं हा या चित्रपटाचा विषय, आणि बॅरीनं वाद्यवृंदालाही धातूचा आवाज दिला आहे.

गायली शर्ली बॅसी. तिच्या आवाजात जो निर्दय ताठा आहे तो दुसऱ्या कुणाला साधला असता असं मला वाटत नाही. शेवटचा सूर ती जितका वेळ धरून ठेवते तितका वेळ श्रोताही श्वास धरतो. अभिनेता मायकेल केन तेव्हा बॅरीच्या घरी राहत होता. रात्रभर पियानोवर चाललेली खटपट आपण ऐकली आणि सकाळी ही चाल सगळ्यांत आधी आपल्याला ऐकायला मिळाली, असं केननं अनेकदा सांगितलं आहे. निर्माता हॅरी सॉल्ट्झमनला मात्र गाणं अजिबात आवडलं नव्हतं. अल्बमनं १९६५ मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला.

गाणं आणि पार्श्वसंगीत वेगवेगळं ऐकायचं का?

बॅरीच्या बाबतीत तसं करू नका, नाहीतर निम्मी मजा जाईल. आधी गाण्याची चाल बांधायची आणि मग तीच चाल मोडून, ताणून, लय बदलून चित्रपटभर वापरायची, ही त्याची पद्धत. शीर्षकगीतात जी चाल मिरवते तीच पुढे एका बासरीवर संशय बनून येते, मग व्हायोलिनवर प्रेम बनून येते. एक बंदिश विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तिन्ही लयींत ऐकण्यातला आनंद आपल्याला माहीत आहे. इथेही तसाच कान लावायचा.

‘थंडरबॉल’ या १९६५ च्या चित्रपटात हे विलक्षण रीतीनं दिसतं. बॅरीनं आधी ‘मिस्टर किस किस बँग बँग’ असं गाणं केलं होतं. ते शर्ली बॅसीनं गायलं, मग डिऑन वॉरिकनं गायलं. गाण्यात चित्रपटाचं नावच नाही म्हणून अगदी शेवटी ते काढायला लावलं. घाईघाईनं डॉन ब्लॅकच्या शब्दांवर नवं गाणं झालं आणि ते टॉम जोन्सनं गायलं. तोपर्यंत पार्श्वसंगीताचा बराच भाग पहिल्या चालीवर रचून झालेला होता. त्यामुळे आजही तो चित्रपट पाहताना पडद्यावर न आलेलं गाणं वाद्यांमधून सतत ऐकू येतं. आधी मूळ गाणं ऐका आणि मग चित्रपट पाहा, हा शोध घेताना फार मजा येते.

याशिवाय बॅरीची स्वतःची एक बाँडधून आहे, तिचं नाव ‘००७’. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधल्या जिप्सी तळावरच्या गोळीबारात ती पहिल्यांदा येते. ती उजळ आणि चढ्या आवाजातली आहे, साहसाची आहे. नॉर्मनच्या धुनेत धोका आहे, हिच्यात मोकळं आकाश आहे. बॅरीनं ती पुढच्या अनेक बाँडपटांत वापरली, अगदी १९७९ च्या ‘मूनरेकर’पर्यंत.

मारामारीच्या, पाठलागाच्या दृश्यांतही त्याचं संगीत इतकं संथ का असतं?

मला विचाराल तर बॅरीला समजून घ्यायचा हाच खरा प्रश्न आहे.

पडद्यावर धावपळ असली की संगीतही धावलं पाहिजे, असा एक समज आहे. बॅरी तो मानत नाही. त्याला धावणारे पाय दिसत नाहीत, त्या माणसावर कोणतं सावट आहे ते दिसतं. सावट धावत नाही, ते सरकतं.

‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६७) च्या सुरुवातीला अंतराळात एक यान दुसऱ्या यानाला गिळतं. बाहेर तरंगणाऱ्या अंतराळवीराची दोरी तुटते आणि तो अंधारात भिरकावला जातो. आजच्या नजरेला ती यानं खेळण्यातली वाटतात. बॅरी तिथे एक छोटी स्वराकृती घेतो आणि संथ कूच करत तीच ती पुन्हा वाजवतो. दर फेरीला एखादं वाद्य वाढतं, आवाज जड होतो, पण लय तसूभरही वाढत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला त्या खेळण्यांचं वजन हजारो टन झालेलं असतं. जे घडतंय ते आता कुणीच थांबवू शकत नाही, ही भावना त्या न बदलणाऱ्या लयीतून येते. वेगवान संगीतानं ते दृश्य फक्त गडबडीचं झालं असतं.

‘गोल्डफिंगर’मधला फोर्ट नॉक्सवरचा, म्हणजे अमेरिकेच्या सोन्याच्या साठ्यावरचा हल्लाही असाच. विमानांतून वायू सोडला जातो, हजारो सैनिक कोसळतात, आणि ड्रमच्या ठोक्यावर एक शिस्तबद्ध संचलन चाललेलं असतं. ‘थंडरबॉल’मधला मोठा भाग पाण्याखाली घडतो. पाण्यात कुणाला धावता येत नाही, आणि बॅरी संगीतालाही धावू देत नाही. ‘मूनरेकर’मधल्या अंतराळातल्या प्रसंगांना त्यानं व्हायोलिन आणि मानवी आवाजांचा असा विस्तीर्ण, जवळजवळ प्रार्थनेसारखा पट दिला आहे की कथा कितीही अचाट असो, त्या क्षणी आपण अवकाशात असतो.

यातून दुसरी एक गोष्ट दिसते. बाँडपटांमधल्या बऱ्याच गोष्टी अविश्वसनीय आहेत. बॅरी त्यांना जवळजवळ कधीही हसला नाही. ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा असो की सोन्याच्या हव्यासापायी वेडा झालेला खलनायक, तो त्यांना शोकांतिकेइतक्याच गांभीर्यानं संगीत देतो. प्रेक्षक त्या जगावर विश्वास ठेवतो तो बऱ्याच अंशी या गांभीर्यामुळे. बाँड विनोद करतो तेव्हा संगीत विनोद करत नाही. त्या माणसाचं एकटेपण चित्रपटात दुसरं कुणीच बोलून दाखवत नाही, ते फक्त व्हायोलिन सांगतात.

त्याचं सर्वोत्तम बाँडसंगीत कोणतं?

‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’, १९६९.

तोवर बाँड रंगवणारा शॉन कॉनरी भूमिका सोडून गेला होता, त्याच्या जागी जॉर्ज लेझनबी हा नवखा आला होता. प्रेक्षकांना हाच बाँड आहे असं पटवून द्यायची मोठी जबाबदारी संगीतावर आली. बॅरीनं शीर्षकगीत केलंच नाही. एवढं लांब सरकारी नाव गाण्यात बसवलं तर ते हास्यास्पद होईल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याऐवजी त्यानं निव्वळ वाद्यांची धून दिली. खाली मूग सिंथेसायझरची करकरीत ओळ पायऱ्या उतरत जाते आणि तिच्यावर पितळी वाद्यं झेप घेतात. मूग तेव्हा अगदी नवं यंत्र होतं. बॅरीनं त्याचा दिखावा केला नाही, मंद्र स्वरांना पोलादाचा कणा द्यायला ते वापरलं. स्विस आल्प्समधल्या बर्फावरच्या पाठलागात ही धून येते. इथे संगीत वेगवान आहे, आणि एरवी संथ असणारा बॅरी वेग घेतो तेव्हा त्याला किती अर्थ येतो ते कळतं.

या चित्रपटात बाँड लग्न करतो, आणि काही तासांत विधुर होतो. त्या प्रेमासाठी बॅरीनं ‘वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड’ हे गाणं केलं. शब्द हॅल डेव्हिडचे. गाण्यासाठी लुई आर्मस्ट्राँगच हवा हा आग्रह बॅरीचा. आर्मस्ट्राँग तेव्हा इतका आजारी होता की स्वतः ट्रम्पेट वाजवू शकला नाही, फक्त गायला. १९७१ मध्ये तो गेला. आपल्यापाशी भरपूर वेळ आहे असं सांगणारं गाणं, वेळ संपत आलेल्या माणसाच्या खरखरीत, प्रेमळ आवाजात. तरुण, गोड गळ्याच्या गायकाकडून ते नुसतं प्रेमगीत झालं असतं. ब्रिटनमध्ये ते खऱ्या अर्थानं गाजलं १९९४ मध्ये, एका जाहिरातीमुळे. संगीतकार हॅन्स झिमरनं २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये तेच गाणं पुन्हा आणलं.

बाँड आवडत नसेल तर?

तर ‘द इप्क्रेस फाइल’ पाहा. १९६५ चा चित्रपट, लेन डायटनच्या कादंबरीवरचा. निर्माता बाँडवालाच हॅरी सॉल्ट्झमन, कलादिग्दर्शक केन अॅडम आणि संकलक पीटर हंट हेही बाँडवाले, संगीत बॅरीचं. आणि तरीही सगळं उलट. मायकेल केननं रंगवलेला हॅरी पामर चष्मा लावतो, पगारवाढीची चौकशी करतो, स्वयंपाक चांगला करतो. श्रेयनामावलीत तो सकाळी उठून कॉफी दळतो.

त्या कॉफी दळण्यावर बॅरीनं जे संगीत दिलंय त्यात पितळी वाद्यांचा दणका नाही. मुख्य वाद्य आहे सिंबालोम. हे हंगेरीचं वाद्य, आपल्या संतूरच्या गोतातलं, तारांवर हातोड्यांनी वाजवायचं. पण संतूरच्या तरंगांत जी प्रसन्नता आहे तिच्या जागी इथे एक थंडगार, धातूचा कंप आहे. पूर्व युरोप, लोखंडी पडदा, बंद खोलीत कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय ही भावना, सगळं त्या एका वाद्यात आलं आहे. चाल अगदी थोड्या स्वरांची, तिचं नाव ‘अ मॅन अलोन’. नावातच सगळं आहे. एकच संगीतकार, ‘गोल्डफिंगर’ आणि हे, दोन्ही सहा-सात महिन्यांच्या अंतरानं पडद्यावर आले यावर विश्वास बसत नाही.

त्यानंतर ‘द क्विलर मेमोरँडम’, १९६६. पश्चिम बर्लिन, पटकथा नाटककार हॅरॉल्ड पिंटरची. इथे बॅरीनं आणखी कमी केलं. ‘वेन्सडेज चाइल्ड’ ही एक नाजूक, उदास चाल, लहान मुलाच्या खेळण्यातून यावी तशी. ती मॅट मन्रोनं गायली आहे. बाकी लांबच लांब शांतता. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवर एक माणूस चालतोय, मागे चारजण चालतायत, आणि संगीत नाही. जिथे वाजवायचं नाही तिथे न वाजवण्याचा धीर किती संगीतकारांकडे असतो? बॅरीच्या हेरपटांमध्ये मला सगळ्यांत जास्त आदर याच कामाबद्दल वाटतो.

टीव्हीवर गेलात तर १९७१ च्या ‘द पर्स्वेडर्स’ या मालिकेची शीर्षकधून चुकवू नका. सिंबालोम आणि मूग दोन्ही तिथे एकत्र भेटतात.

‘ऑक्टोपसी’ भारतात घडतो. त्यात भारतीय संगीत आहे का?

फार नाही, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. १९८३ चा हा चित्रपट उदयपूरला चित्रित झाला. पिचोला तलावातला लेक पॅलेस आणि डोंगरावरचा सज्जनगढ महाल त्यात दिसतो, कबीर बेदी आणि टेनिसपटू विजय अमृतराज त्यात आहेत. परदेशी चित्रपटात भारत दिसला की सतार झणझणणार हे ठरलेलं असायचं. बॅरीनं मुख्य भार आपल्या नेहमीच्या रुंद, हळव्या व्हायोलिनांवरच ठेवला, आणि तलावाच्या त्या दृश्यांना ते शोभतात. शीर्षकगीत ‘ऑल टाइम हाय’, टिम राइसचे शब्द, आवाज रीटा कूलिज.

एक प्रसंग मात्र खास आहे. अमृतराज गारुड्याच्या वेशात घाटावर बसलेला असतो आणि ओळख पटावी म्हणून पुंगीवर बाँडची धून वाजवतो. भारतीय कुटुंबावरच्या नाटकासाठी बांधलेली चाल वीसेक वर्षांनी पुंगीवर भारतात पोचली.

बॅरीला बाँडसाठी ऑस्कर मिळालं का?

नाही. साधं नामांकनही नाही. त्याला पाच ऑस्कर मिळाली : ‘बॉर्न फ्री’साठी दोन, मग ‘द लायन इन विंटर’, ‘आउट ऑफ आफ्रिका’ आणि ‘डान्सेस विथ वुल्व्ज’. पण शेवटच्या दोन चित्रपटांतली लांबलचक, न घाई करणारी व्हायोलिनची ओळ ऐका. तिचा रियाज त्यानं हेरपटांतच केला होता.

त्याचं फसलेलं काम कोणतं?

‘द मॅन विथ द गोल्डन गन’, १९७४. वेळ कमी मिळाला होता आणि त्याला स्वतःलाही ते पसंत नव्हतं. गाडी हवेत कोलांटी घेऊन नदी ओलांडते, त्या अफाट कसरतीवर शिट्टीचा गमतीदार आवाज घातला आहे. गांभीर्य सोडलं की काय होतं ते तिथे कळतं.

त्या काळातले इतर संगीतकार?

लालो शिफ्रिन सगळ्यांत आधी. ‘मिशन : इम्पॉसिबल’ मालिकेची १९६६ ची धून त्याची. पाच मात्रांची. बारकाईनं मोजलीत तर दहा मात्रांचा ठेका मिळतो, विभागणी तीन-तीन-दोन-दोन. आपल्या झपतालातही दहाच मात्रा, पण दोन-तीन-दोन-तीन. हातावर दोन्ही मोजून पाहा, फरक चटकन कळेल. शिफ्रिन बुद्धीनं पकडतो, त्याच्या संगीतात योजना आखली जातेय असं वाटतं. जेरी गोल्डस्मिथनं ‘द मॅन फ्रॉम अंकल’ या मालिकेची धून दिली आणि ‘आवर मॅन फ्लिंट’ला खट्याळ, चपळ संगीत दिलं. दोघेही मोठे. बॅरीची जागा वेगळी आहे ती त्याच्या करुणेमुळे.

हिंदी चित्रपटांवर याचा परिणाम झाला का?

बाँडच्या लाटेत आपल्याकडे ‘फर्ज’ (१९६७, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल), ‘आँखें’ (१९६८, संगीत रवी) असे हेरपट आले. मराठी वाचकांना जवळचं उदाहरण म्हणजे १९७७ चा ‘एजंट विनोद’. त्याचं संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे दादा कोंडक्यांच्या चित्रपटांमधून पुढे आलेल्या जोडीचं. यातले लक्ष्मण, नागपूरचे विजय पाटील, पुढे हिंदीत खूप गाजले.

या चित्रपटांत गाणी आपल्या वळणाची राहिली. बदल झाला तो पार्श्वसंगीतात आणि गाण्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्यांत : खालच्या सप्तकातली गिटार, अचानक येणारे पितळी फटकारे. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे बरेच कलाकार गोव्याचे होते. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेले आणि क्लबमध्ये जॅझ वाजवलेले. चिक चॉकलेट हे त्यातलं ठळक नाव. बॅरीची तयारी याच दोन ठिकाणी झाली होती. त्यामुळे तो ध्वनी मुंबईला परका वाटलाच नसणार.

त्यानं बाँड का सोडला, आणि पुढे काय?

त्याचा शेवटचा बाँडपट १९८७ चा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’. शीर्षकगीतासाठी नॉर्वेच्या आ-हा या बँडबरोबर काम करणं त्याला जड गेलं. त्याआधीच्या ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्ये ड्युरान ड्युरानबरोबरचं त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि तो मान आजवर दुसऱ्या कोणत्याही बाँडगीताला मिळालेला नाही. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’च्या शेवटी एका मैफलीत तो स्वतः वाद्यवृंदाचं संचालन करताना दिसतो. संगीतातही नवेपणा आहे, यांत्रिक ठेके आहेत, आणि प्रीटेंडर्स या बँडनं गायलेली दोन गाणी त्यानं पार्श्वसंगीतात सुंदर विणली आहेत. थकलेल्या माणसाचं काम ते नाही.

त्याचा अखेरचा चित्रपटही हेरगिरीच्या जगातलाच, २००१ चा ‘एनिग्मा’. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन संदेश उलगडणाऱ्यांची गोष्ट. बंदुका जवळजवळ नाहीतच. संगीत संथ, पोक्त, उदास.

बाँडचं काम १९९७ मध्ये संगीतकार डेव्हिड अर्नोल्डकडे गेलं. त्यानं जुन्या बाँडगीतांचा नवा अल्बम केला होता. तो ऐकून बॅरीनंच त्याची शिफारस केली.

कोणतं ध्वनिमुद्रण ऐकावं?

मूळचंच. बाँडसंगीताच्या नव्यानं वाजवून घेतलेल्या असंख्य आवृत्त्या इंटरनेटवर आहेत आणि शोधलं की त्याच आधी वर येतात. वादकाचं नाव, वर्ष तपासा. साठच्या दशकातले अल्बम छोटे होते, बरंच संगीत त्यांत नव्हतं. २००३ मध्ये यातल्या अनेकांच्या वाढीव आवृत्त्या आल्या, त्या मिळाल्या तर उत्तम. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ तर वाढीवच ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र नको, कारण बॅरीचं निम्मं काम मंद्र सप्तकात आहे आणि ते तिथे ऐकूच येत नाही.

ती धून मला वाजवायची आहे. कशी बसवू?

पेटीवर किंवा कीबोर्डवर डाव्या हाताला पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत अशी फेरी चालू ठेवा, प्रत्येक स्वर चार मात्रा. उजव्या हाताला मंद्रात गिटारची ओळ : सा, मग रे चार वेळा, सा तीन वेळा, पुन्हा सा, मग कोमल ग चार वेळा, रे तीन वेळा. गिटार असेल तर सगळ्यांत जाड तारेवर, ब्रिजच्या जवळ, प्लेक्ट्रम (तार छेडायची नखी) जोरात मारून वाजवा. व्हिक फ्लिकचा तो करकरीत आवाज तिथून येतो. लय वाढवण्याचा मोह टाळा. शेवटी सा, कोमल ग, प, शुद्ध नी आणि वरचा रे एकदम दाबा आणि आवाज आपोआप विरेपर्यंत बोटं उचलू नका.